पुडीतल्या गोळ्यांची नावं

ऑक्टोबरात आम्ही दोघं नऊ-दहा दिवस लातूर-नांदेडकडे फिरून आलो. दोघं म्हणजे मी आणि माझी बायको कमल. माझं वय अडुसष्ट. कमलची एक किडनी पाच वर्षांपासून माझ्या पोटात, उजव्या बाजूला खाली, काम करते आहे. पुण्यात आमचा प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांचा एक लहानसा गट आहे. ज्याला जमेल त्यानं आपापल्या भागात जाऊन लोकांना सांगायचं, की किडनीचा आजार बराच काळ दुखत-खुपत नाही, म्हणून रक्त-लघवी वेळेत तपासा, बीपी आणि साखर सांभाळा, मनानं गोळ्या खाऊ नका. माझा भाग मुखेडचा. आयुष्याची बत्तीस वर्षं मी तिथं काढली.

परत आल्यावर गटाला मी एका पानाचा वृत्तांत दिला. किती गावं, किती सभा, किती जणांनी तपासणीसाठी नावं दिली. त्यातला एकही आकडा खोटा नाही. पण त्यात जे लिहिलं नाही ते विसरून राहिलेलं नव्हतं. ते इथं लिहितो आहे.

मुरुड

मुरुड हे कमलचं माहेर, म्हणून सुरुवात तिथून केली. मोठं गाव आहे, जवळपास शहरच म्हणावं असं. सोयाबीनची सुगी चालू होती. रस्त्याच्या कडेला ताडपत्र्यांवर दाणे वाळत घातलेले आणि हवेत भुशाची धूळ. मी तोंडावरचा मास्क काढला नाही.

पुण्यात पाहुण्याला "पाणी हवंय का?" असं विचारतात. आमच्याकडे विचारत नाहीत. पाय उंबऱ्याच्या आत पडायच्या आधी तांब्या पुढे येतो, आणि तो घेतला नाही तर समोरच्याला त्याचं घरच नाकारल्यासारखं वाटतं. मला उकळलेलं पाणीच चालतं. मी पिशवीतून माझी बाटली काढली तसा मेहुण्यांचा, म्हणजे बाळासाहेबांचा, चेहरा उतरला.

"का ओ दाजी, आमच्या पाण्यात काय विष हाय का?"

"विष न्हाई दादा," कमल म्हणाली. "पर ह्यांच्या पोटात माझा माल हाय. खराब झाला तर बदलून भेटत न्हाई."

सगळे हसले. मग वहिनींनी येसराची, म्हणजे भाजून दळलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची, आमटी वाढली, इतकी कढत की तिच्यात कुठलाही जंतू टिकला नसता, आणि तव्यावरची भाकरी थेट ताटात टाकली. पाच वर्षांत मी इतका जेवलो नव्हतो.

दुपारी शाळेच्या सभागृहात माझं भाषण झालं. ते मला पाठ आहे. माझे गुडघे दुखायचे, मी नऊ वर्षं दुखण्याच्या गोळ्या मनानं खाल्ल्या, पायांवर सूज आली तेव्हा उशीर झाला होता, बायकोनं किडनी दिली. इथं मी थांबतो, कमलकडे हात करतो आणि लोक टाळ्या वाजवतात. मग शाल आणि नारळ. शाल मला देतात, कमलला खणाचं कापड.

भाषणानंतर एका निवृत्त मास्तरांनी सहज विचारलं, "नोकरी कुठं होती आपली?"

"औषधाच्या लाईनीत," मी म्हणालो आणि चपला शोधायला लागलो.

तर ती लाईन कुठली, ते आधी सांगतो. मुखेडला एका खासगी दवाखान्यात मी कंपाउंडर होतो. डॉक्टर बाहेरगावचे, आठवड्यातून दोन दिवस यायचे. बाकीचे दिवस दवाखाना मीच चालवायचो, आणि लोक मलाच दत्ता डॉक्टर म्हणायचे. बाजाराच्या दिवशी डोंगराकडच्या वाड्या-तांड्यांतून माणसं यायची. निंदणी, काढणी करून कंबर धरलेल्या बायाच जास्त. त्यांना आम्ही पुडी द्यायचो. वर्तमानपत्राच्या कागदात चार-चार गोळ्या. दोन दुखण्याच्या, एक स्टिरॉइडची बारीक, एक पित्ताची. दोन तासांत अंग हलकं व्हायचं आणि बाई दुसऱ्या दिवशी पुन्हा शेतात वाकायची. गोळ्या पाकिटातून काढून पुडीत बांधायची ही आमची रीत होती. नाव दिसलं तर गिऱ्हाईक तीच गोळी दुसऱ्या दुकानातून घेईल, म्हणून. लोक गोळ्या रंगानंच ओळखायचे. लाल, पांढरी, पिवळी.

गुडघ्यांसाठी मी खाल्ल्या त्याही याच पुड्या. आणि हे मी एकाही सभेत बोललो नव्हतो.

लातूर

लातूरला परिचारिकांच्या एका कॉलेजात बोलावलं होतं. साठ-सत्तर मुली, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, वह्या उघडून बसलेल्या. गावातल्या सभेत लोक माझ्याकडे बघतात. या मुली लिहून घेत होत्या, त्यामुळे मी बोलताना सारखा अडखळत होतो.

भाषण संपल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "सर, तुम्ही घेत होता त्या गोळीचं नाव काय?"

मी सांगितलं.

"तुम्हाला नाव माहीत होतं. आमच्या गावाकडे पुडीत देतात. असा पेशंट आला तर आम्ही कागदावर काय लिहायचं?"

"पेशंटला विचारायचं."

"त्याला माहीत नसतं सर."

"मग देणाऱ्याला विचारायचं," मी म्हणालो.

"तो सांगतो का?"

मुली हसल्या. तिनं टोमणा मारला नव्हता, तिला खरंच उत्तर हवं होतं. मी म्हणालो की हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, असं म्हणून खाली बसलो आणि चहाला न थांबता बाहेर पडलो. कमलला सांगितलं, जरा पाय मोकळे करून येतो.

लातूरच्या गंजगोलाईत मध्ये एक गोल इमारत आहे आणि भोवतीनं सोळा रस्ते फुटतात. एका रस्त्याला फक्त भांडी, एकाला सराफ, एकाला कापड. मला कुठल्याच रस्त्यानं जायचं नव्हतं. मी नुसता गोल फिरत राहिलो, आणि दोन फेऱ्यांनंतर आलो कुठून तेच कळेना. एका रुमालवाल्यानं मला तीनदा जाताना पाहिलं. तो म्हणाला, "चाचा, कुठं जायचंय ते सांगा, न्हाईतर बसा. मला चक्कर येऊन राहिली."

मी त्याच्या स्टुलावर बसलो. कमल मला शोधत तिथं आली ती घामानं भिजलेली. मी फोन तिच्याच पिशवीत ठेवून निघालो होतो.

"सांगून टाका की कुठंतरी," ती म्हणाली.

"काय?"

"मला काय विचारता? पुड्या मीबी बांधल्यात."

हे खरं आहे. बाजाराच्या आदल्या संध्याकाळी आम्ही दोघं कागद कापून बसायचो. तिचा हात माझ्यापेक्षा चपळ होता.

अहमदपूर

सकाळी अहमदपूरला उतरलो तेव्हा स्टँडसमोर एक बाई कढईत सुशीला परतत होती. चुरमुरे भिजवून, पिळून, कांदा-शेंगदाण्याच्या फोडणीत टाकायचे, म्हणजे झालं. पुण्यात हे कुणाला सांगितलं तर "म्हणजे पोह्यांसारखं?" असं विचारतात. पोह्यांसारखं नसतं. कमलनं बाईला माझ्या वाट्याची वेगळी, चांगली वाफ येईपर्यंत परतायला लावली. बाई म्हणाली, "नवरा लई नाजूक हाय वं तुमचा." कमल म्हणाली, "नवा बसवलाय."

सभा मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारपेठेत ठेवली होती. ती चूक होती. सोयाबीनची आवक जोरात, काटे चालू, हमालांच्या पाठीवर पोती, त्यात मी एका पोत्याच्या थप्पीला टेकून किडनीवर बोलतोय. दहा-बारा जण थांबले. एका हमालानं विचारलं, "पायावर सूज येती सांजच्याला, ती हीच का?" त्याला तपासणीची चिठ्ठी दिली. तेवढं एक काम झालं.

त्या दहा-बारा जणांत मारोतराव होते. एसटीत कंडक्टर होते, मुखेडच्या गाडीवर. पूर्वी माझ्याकडून डोकेदुखीच्या पुड्या न्यायचे. निवृत्त होऊन अहमदपूरला राहिले आहेत. मला त्यांनी ओढतच चहाच्या टपरीवर नेलं.

"दत्ताराव, ब्येस बोललात. हे आदीच कुणी सांगायला पायजे होतं. त्या गयाबाईला तर लईच."

"कोण गयाबाई?"

"इसरले का? डोंगराकडल्या वाडीची. दर बाजाराला तुमच्या दारात पैली तीच असायची. किडन्या गेल्या तिच्या. आता हप्त्यातनं दोन डाव नांदेडला जाती, डायलिसिसला. माझं पोरगं आता तितल्या एसटीवर कंडक्टर हाय, त्याच्याच गाडीत असती बगा सकाळी. सून घेऊन जाती धरून धरून."

गयाबाई मला चांगली आठवत होती. उंच, काळीसावळी, पदर कमरेला खोचलेला. दवाखाना उघडायच्या आधी येऊन ओट्यावर बसायची. शेजारणींच्या पुड्याही तीच नेऊन द्यायची.

मारोतराव पुढे आणखी काही बोलत होते, ते माझ्या कानावर पडलं नाही. मी विचारलं, "कशानं झालं म्हणतात?"

"आता ते मला काय ठावं. तुमी डॉक्टर."

मुखेड

अहमदपूरहून मुखेडला जाताना डोंगर लागतो. तो हिरवा असतो ते तेवढ्याच दिवसांत. तुरी फुलावर आल्या होत्या. मी तीन वेळा जागा बदलली. एकदा ऊन लागतं म्हणून, एकदा वारा लागतो म्हणून, आणि तिसऱ्यांदा कारण सांगितलंच नाही. कमल खिडकीबाहेर बघत बसली.

मुखेडात सभा बुद्धविहाराच्या अंगणात होती. तिथल्या शाळेतले एक शिक्षक, कांबळे सर, यांनी सगळं ठरवलं होतं. त्यांच्या पत्नी जिल्हा परिषदेत नोकरीला आहेत, दोघांनी सुट्टी टाकून सतरंज्या घातल्या, घरोघर जाऊन बायांना बोलावलं. पुण्यात माझ्या सोसायटीत याच विषयावर बोललो तेव्हा सात माणसं आली होती. इथं अंगण भरलं.

आणि सगळे मला ओळखत होते. "डॉक्टर आले," "डॉक्टर वाळले की वं," असं चालू झालं. एक म्हातारा माझा हात हातात घेऊन म्हणाला, "तुमच्या हाताला गुण व्हता. आताचा जो देतो ना, त्याची पुडी चढतच न्हाई."

म्हणजे पुडी अजून चालू होती. आमचा दवाखाना बंद पडला, त्या खोलीत आता मोबाइलचं दुकान आहे. पण बाजारात दुसरीकडे, दुसरा कुणीतरी, त्याच रंगाच्या गोळ्या त्याच पद्धतीनं देत होता.

मी उभा राहिलो आणि माझ्या गुडघ्यांबद्दल बोललो.

कमल बायांमध्ये बसली होती. मी तिच्याकडे हात केला, टाळ्या झाल्या, ती उठली नाही. कांबळे सरांनी घरी आमचं जेवण केलं होतं. मी त्यांना खोटं सांगितलं की नांदेडला डॉक्टरांची वेळ घेतलेली आहे, आणि दीडची गाडी पकडली. सर डबा बांधून स्टँडपर्यंत धावत आले. तो डबा नांदेडपर्यंत माझ्या मांडीवर होता. तो मी उघडला नाही.

नांदेड

नांदेडला दोन दिवस होते. पहिला दिवस मी वाया घालवला. गोदावरीच्या घाटावर जाऊन बसलो, मग उठलो, मग रिक्षा करून दुसऱ्या घाटावर गेलो. पाणी दोन्हीकडे तेच होतं. स्वतःला एकच वाक्य सांगत होतो. गयाबाईला बीपीही असेल, साखरही असेल, किडनी कशानं गेली हे नक्की कुणालाच सांगता येत नाही. हे शास्त्रानंही खरं आहे. पाच वर्षं मी त्याच वाक्याच्या आडोशाला बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी कमलनं माझ्या नऊच्या गोळ्या हातावर ठेवल्या आणि म्हणाली, "आज तिचा दिवस हाय. मी मारोतरावांना फोन करून इचारलं."

डायलिसिसच्या खोलीत दहा खाटा होत्या. प्रत्येक खाटेशेजारी एक यंत्र, त्यात रक्ताची नळी आणि गरगर फिरणारं चाक. मी स्वतः आठ महिने अशा खाटेवर होतो, तरी दारात पाय अडला. खिडकीजवळच्या खाटेवर ती होती. अर्धी राहिली होती. ओळखलं तिनंच.

"दत्ता डॉक्टर न्हाई का हे?" आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईला म्हणाली, "ह्यांच्या पुडीवर म्या अकरा सुग्या काढल्या. लई गुण."

मी स्टूल ओढून बसलो. कमल पायाशी उभी राहिली. गयाबाईनं माझी चौकशी केली, किडनी कमलनं दिली हे ऐकून तिच्याकडे नीट बघितलं. मग म्हणाली, "माझ्या लेकाची घ्या म्हणत होते. म्या न्हाई म्हणलं. त्याला अजून दोन लेकरं वाढवायचीत."

मी विचारलं, "डॉक्टर काय म्हणाले? कशानं झालं?"

"बीपी म्हणतेत. एक डॉक्टर लई खोदून इचारत होता, आजी कोणत्या गोळ्या खाल्ल्या ते सांगा. म्हणलं, लाल, पांढरी अन् पिवळी. हसला त्यो."

मी तिला सांगितलं. गोळ्यांची चारही नावं सांगितली, कुठली कशासाठी, आणि दर आठवड्याला वर्षानुवर्षं घेतल्या तर किडनीचं काय होतं तेही. म्हणालो, "नक्की कुणाला सांगता येणार नाही. बीपीनंही झालं असेल. पण माझ्या किडन्या त्या गोळ्यांनीच गेल्या, आणि तुम्हाला त्या मी दिल्या."

ती ओरडेल किंवा रडेल अशी माझी तयारी होती. तिचा हात यंत्राला बांधलेला होता, अजून अडीच तास ती उठून जाऊ शकणार नव्हती. तिला सांगायला मी ही जागा निवडली, हेही तेव्हाच माझ्या लक्षात आलं.

तिनं विचारलं, "तुमाला तवा म्हाईत व्हतं का?"

हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. कमलनंही नाही. सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई बदलून आल्या होत्या. त्या एकदा आमच्या दारात आल्या आणि म्हणाल्या, दत्तात्रय, हे बंद करा, या बायांच्या किडन्या जातील. मी हो म्हणालो. त्या वर्षभरात बदलून गेल्या. पुड्या चालू राहिल्या.

"आधी नव्हतं," मी म्हणालो. "शेवटची चार वर्षं होतं."

"मंग दिल्या कशाला?"

"तुम्ही मागत होता. नाही दिल्या असत्या तर दुसरीकडून घेतल्या असत्या."

"घेतल्या असत्या," ती म्हणाली. "पर तुमी सांगून तर बगायचं."

मग तिनं मान पलीकडे वळवली. तंत्रज्ञ येऊन आकडे बघून गेला. बऱ्याच वेळानं, तोंड तसंच पलीकडे ठेवून, ती म्हणाली, "सूनबी खाती माझी. कंबर धरली की बाजारातनं आणती. म्याच शिकिवलंय तिला. तुमचं नाव घेऊन शिकिवलंय. भाईर बसली हाय. जावा, तिला सांगा."

सून, सुरेखा, बाहेर बाकावर बसली होती. तिशीतली, हातात गयाबाईची पिशवी. मी आतल्यासारखंच सगळं सांगितलं, फक्त या वेळी मला तेव्हा माहीत होतं हे आधी सांगितलं. तिनं मध्ये एकदाही तोडलं नाही. मग पिशवीतून पुडी काढली आणि माझ्या तळहातावर उलटी केली. त्याच गोळ्या, तशीच पुडी. मी एकेक बोटानं बाजूला केली. ही दुखण्याची. ही पण दुखण्याचीच, वेगळ्या नावाची. ही बारीक, स्टिरॉइड. ही पित्ताची.

"मंग कंबर धरल्यावर काय करू, काका?"

मी म्हणालो, आधी रक्त-लघवी तपासून घे, सरकारी दवाखान्यात दाखव, डॉक्टर देतील तेवढंच घे, दोन दिवस वाकायचं काम करू नकोस.

"परवा मळणीयंत्र येणार हाय," ती म्हणाली.

कमल तिच्या शेजारी बाकावर बसली. सुरेखानं विचारलं, "तुमी मुखेडात भाषण केलं म्हणत होते. तितं बोलले का हे?"

"नाही."

"का?"

"जमलं नाही."

"जमवा की मंग. मी काय एकटी खात न्हाई. आमच्या टोळीत बारा जणी हायेत. बाजाराला समद्या येतेत."

निघताना मी पुन्हा आत गेलो. गयाबाईचे डोळे मिटलेले होते. ती झोपली नव्हती. मी नमस्कार केला, तिनं केला नाही. त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही, आणि मीही ती बोलावी असा प्रयत्न केला नाही.

पुन्हा मुखेड

आमची परतीची तिकिटं रद्द केली. माझ्या गोळ्या आणखी चार दिवस पुरणार होत्या. मुलाला फोनवर सांगितलं की दोन सभा वाढल्या आहेत. कांबळे सरांकडे पुन्हा उतरलो. या वेळी त्यांच्या घरी जेवलो, आणि त्यांना सगळं आधी सांगितलं. त्यांची आईही दवाखान्यात यायची. ती धडधाकट आहे, मागच्या खोलीत तूर पाखडत होती. सर उठून तिच्याकडे गेले, काहीतरी विचारलं आणि परत आले. "तिला पित्त व्हायचं, म्हणून तिनं सोडल्या होत्या," असं म्हणाले. मग म्हणाले, "माईक लागेल का?"

माईक घेतला नाही. बाजारात मोबाइलच्या दुकानासमोर एका बांगडीवाल्यानं त्याची रिकामी पेटी दिली, तिच्यावर उभा राहिलो. सुरेखा तिच्या टोळीतल्या बायांना घेऊन आली होती. तिचा रक्ताचा रिपोर्ट चांगला आला होता, तो तिनं पदराला बांधून आणला होता. त्या बारा जणी, शिवाय जाणारे-येणारे, भाजीवाल्या, असे चाळीसेक लोक असतील.

मी गुडघ्यांचं काहीच बोललो नाही. समोरच्या दुकानाकडे बोट करून म्हणालो, इथं बसून मी तुम्हाला ज्या पुड्या दिल्या, त्यात काय होतं ते सांगायला आलो आहे. नावं सांगितली. पाकिटातून काढून का देत होतो ते सांगितलं. डॉक्टरीणबाईंचं सांगितलं. मागचे लोक "मोठ्यानं, मोठ्यानं" म्हणत होते, म्हणून काही वाक्यं दोनदा बोलावी लागली.

"मंग इतके दिस झोपला व्हता का?" एक जण म्हणाला.

"हो," मी म्हणालो.

"जाऊ द्या, म्हातारं माणूस हाय," दुसरा कुणी म्हणाला. पहिला म्हणाला, "म्हातारं झालं म्हणून काय." आणि पाटी उचलून निघून गेला. काही जण त्याच्या मागे गेले. बाकीचे थांबले. काहींनी खिशातल्या, कमरेच्या चंच्यांतल्या पुड्या काढल्या आणि मी त्यांना एकेक गोळी ओळखून दिली. कांबळे सर कागदावर नावं लिहून देत होते. तपासणीसाठी एकोणीस जणांनी नावं दिली. वृत्तांतात हा आकडा आहे.

गर्दी पांगली तरी एक बाई उभीच होती. पन्नाशीची, हिरवं लुगडं, हातात मेथीच्या जुड्या. मी तिला ओळखलं नाही.

"सोनाबाईची लेक मी. रुक्मिण," ती म्हणाली. "आई तुमच्याकडंच यायची. सुजून मेली. तोंड, पाय, समदं सुजलं व्हतं. लघवी बंद झाली व्हती."

मी पेटीवरून उतरलो.

"आमी करणी म्हणलो," ती म्हणाली. "चुलतीनं केली म्हणून आळ घेतला. बांधाचं भांडण चालू व्हतं ना तवा. भर गल्लीत तिला बोलले मी, नाही नाही ते बोलले. चौदा वर्सं झाली. तिच्या दारात गेले न्हाई, तिच्या लेकीच्या लग्नालाबी न्हाई."

"चुलती आहे?"

"हाय. हितंच, पल्याडच्या आळीत." तिनं मेथी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "चला. तिला सांगा."

मी म्हणालो, "सोनाबाई कशानं गेली ते मला नक्की सांगता येणार नाही."

"तेच सांगा. पर माझ्यासमोर सांगा."

कमलनं माझी पिशवी उचलली. आम्ही तिघं बाजारातून निघालो, रुक्मिण पुढे, आम्ही मागे. आळीच्या तोंडाशी ती थांबली, मला वाटलं परत फिरते. तिनं पदर नीट केला आणि पुढे गेली.

चुलती ओट्यावर बसून वाती वळत होती. खूप म्हातारी, डोळ्यांना जाड भिंगं. रुक्मिण ओट्याखाली उभी राहिली, वर चढली नाही. मीच बोललो. मी कोण, काय द्यायचो, सोनाबाई किती वर्षं घेत होती, सुजून मरणं म्हणजे बहुधा काय असतं. म्हणालो, गोळ्यांनी गेली की आणखी कशानं, ते आता कळणार नाही. करणीनं गेली नाही, एवढं नक्की.

म्हातारीनं माझ्याकडे पाहिलं नाही. हातातली वात पुरती वळून बाजूला ठेवली.

"रुक्मे," ती म्हणाली, "लेकरं किती तुला?"

रुक्मिणनं मेथीच्या जुड्या ओट्याच्या कडेवर ठेवल्या.

"ऐकून हाय मी. पर तुझ्या तोंडानं सांग."

"तीन," रुक्मिण म्हणाली. "थोरलीचं लगीन झालं."

"वर ये," म्हातारी म्हणाली.

आम्ही दोघं तिथून निघालो.